काचीगुड्याच्या गाडीतलं लोणचं

नांदेड सोडलं तेव्हा डब्यात एकच विषय होता. राज्य तुटणार, आपण मुंबईकडे जाणार, हैदराबाद आंध्राकडे. मी हायकोर्टातल्या एका अपिलासाठी निघालो होतो. पंधरा वर्षं या कोर्टात आरोपींच्या बाजूनं उभा राहिलो, आता ही बहुधा शेवटची फेरी, असं सारखं मनात येत होतं.

समोरच्या बाकावर मनमाडपासून आलेलं पन्नाशीचं जोडपं होतं. वेंकय्याची रंगूनला लाकडाची वखार होती, ती युद्धात जळाली. बायकोचं नाव सुब्बम्मा. पायाशी चार मोठ्या चिनीमातीच्या बरण्या, तोंडं मेणकापडानं करकचून बांधलेली. "इंदूरच्या बहिणीनं लोणचं दिलंय," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. निझामाबादच्या पुढे तिनं डबा उघडला आणि माझ्यापुढेही पान मांडून पुलिहोरा (चिंचेच्या कोळातला भात) वाढला. मी नको म्हणताच तिचा चेहरा पडला.

"वकील गारू, समोर माणूस उपाशी असला तर घास उतरत नाही आम्हाला."

गारू म्हणजे आपलं 'राव'. मी दोनदा भात मागून घेतला. हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर उतरताना माझ्या कार्डामागे नल्लकुंट्याचा पत्ता लिहून दिला आणि म्हणालो, काही काम पडलं तर या.

नल्लकुंट्याला माझा मामेभाऊ राहतो. सचिवालयात नोकरी, मुंबईला बदली होणार की काय या काळजीत वाळलेला. वहिनी मात्र तशाच ठणठणीत. गरम ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढता वाढता त्यांनी प्रवासाची चौकशी केली. मी लोणच्याचं सांगितलं तशा थांबल्या.

"भावजी, इंदूरचं लोणचं? आंध्राची बाई बाहेरून लोणचं आणते होय? या लोकांच्या घरात पाणी नसंल, पण आवकाया (कैरीचं तिखट लोणचं) असतंयच."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी हीच गंमत मी नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात कादिरला सांगितली. कादिर माझा विद्यापीठातला सोबती. तारनाक्याच्या बाजूला आम्ही एका खोलीत राहून कायद्याची पुस्तकं पाठ केली. पुढे तो खुफियात (गुप्त पोलिसांत) गेला. निजामाविरुद्धच्या धामधुमीच्या वर्षांत माझ्या नावाचं वॉरंट निघणार हे त्यानंच आदल्या दिवशी कळवलं, म्हणून मी वाचलो. तेव्हापासून कोर्टात, बाजारात, कानावर येईल ते त्याला सांगायची मला सवय जडली होती. आम्ही त्याला गप्पा म्हणायचो. दुसरा शब्द मी कधी वापरला नाही.

कादिरनं चहाची बशी खाली ठेवली. "चार बरण्या? रंगूनवाला?" मग एकदम त्यानं हैदराबादच्या पावाचं कौतुक सुरू केलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी हाक मारली. दारात सुब्बम्मा उभी होती, हातात माझं कार्ड. ते दोघं उतरले होते त्या लॉजवर धाड पडली होती. वरच्या चार बोटं लोणच्याखाली माळव्याची अफू निघाली. माल बंदरावरून रंगूनला आणि तिथून पुढे पिनांगला जायचा होता. वेंकय्या कोठडीत होता.

"या गावात मी दुसऱ्या कुणाला ओळखत नाही," ती म्हणाली.

तिला बसवून मी तडक कादिरकडे गेलो. तो खूश होता. "लेलो वकालतनामा (वकीलपत्र). तुम्हारेकू वो सब बोलेगा. पिनांगवाले का नाम होना (हवं) मेरेकू, बस."

"नक्को, कादिर."

"मेरेकू नक्को बोलरै?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. मी त्याचा जन्माचा ऋणी, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी उठून परत आलो.

सुब्बम्मासमोर बसून मी तिला खरं सांगितलं. बरण्यांची गोष्ट पोलिसांना माझ्याच तोंडून कळली. म्हणून हा खटला मला घेता येत नाही.

ती हळू म्हणाली, "अन्नम् पेट्टानु कदा." (जेवू घातलं होतं ना मी.)

कोर्टात मी फाशीची शिक्षाही ऐकली आहे. पण इतकी मान खाली घालायला कुणी लावलं नव्हतं. बरण्यांत काय आहे हे तिला माहीत होतं, तेही तिनं लपवलं नाही. वखार गेल्यावर पिनांगच्या माणसानं आसरा दिला आणि मग हे काम गळ्यात घातलं.

"मूळ तर माझ्याच तोंडातून निघालं," आतून वहिनी म्हणाल्या. "कुठं जाणार आता ही? इथंच ऱ्हाऊ द्या."

बरकतपुऱ्यातल्या एका वृद्ध तेलुगू वकिलांकडे मी तिला नेलं आणि त्यांनाही काही न लपवता सांगितलं. त्यांनी वेंकय्याशी एकांतात बोलून त्याला खटला लढवण्याची आणि माफी मिळवण्याची अशा दोन्ही वाटा समजावल्या. चौथ्या दिवशी वेंकय्यानं स्वतःहून मॅजिस्ट्रेटपुढे जबानी दिली, पिनांगवाल्याचं नाव सांगितलं आणि माफीचा साक्षीदार झाला. खटला संपेपर्यंत कोठडी चुकणार नव्हती, पण शिक्षा टळली. प्रत्येक तारखेला मी नांदेडहून येऊन कोर्टाच्या बाकावर सुब्बम्माशेजारी बसलो. ती बोलायची नाही. शेवटच्या दिवशी मात्र तिनं बाकावर सरकून मला जागा करून दिली. त्याहून जास्त मागायचा मला हक्क नव्हता.

खटला संपवून परत निघालो तेव्हा काचीगुड्याला कादिर आला होता. येईल असं वाटलं नव्हतं. गाडी हलायच्या आधी मी म्हणालो, "यापुढे माझ्याकडून खबर मिळणार नाही तुला."

'खबर' हा शब्द पहिल्यांदाच आमच्यामध्ये उच्चारला गेला. कादिर खिडकीचा गज धरून उभा राहिला.

"फिर खत में क्या लिखेगा रे?"

"घरचं लिहीन."

"लिख," तो म्हणाला, आणि गज सोडला.

लवकरच या वाटेवर राज्याची सीमा येणार होती. ती नेमकी कुठं पडेल ते मी खिडकीतून शोधत राहिलो. सगळीकडे तीच ज्वारी उभी होती. नांदेडला पोचल्यावर आंघोळीआधी मी पत्र लिहायला बसलो, तर पहिल्या ओळीलाच अडलो. वीस वर्षांच्या दोस्तीत कादिरच्या मुलांची नावं मी कधी विचारली नव्हती. तीच विचारून सुरुवात केली.