चेष्टा करून राहिलो

सप्ली विनोदाच्या आधी हसायचा. पडद्यावर प्रिन्सिपॉलसाहेब नुसते दारातून आत आले की याला हसू फुटायचं, कारण पुढे त्यांची खुर्ची मोडणार हे त्याला पाठ होतं. मग खुर्ची मोडायची, सगळं थिएटर हसायचं, आणि तोवर सप्ली पुढच्या विनोदावर जाऊन पोचलेला असायचा. शेजारी बसणाऱ्याला त्याचा फार त्रास व्हायचा. तो त्रास मी जन्मभर सोसला.

दरवर्षी एका विषयात नापास, मग सप्लिमेंटरी परीक्षा, म्हणून कॉलेजनं त्याला हे नाव दिलं. पुढे मी त्याच्याशी लग्न केलं, चारचौघांत अहो-जाहो केलं, पण मनात तो सप्लीच राहिला. आता तो नाही. जबलपुरातल्या महाराजपूरच्या घरात मी एकटीच असते, त्यामुळे सगळं बोलणं मनातच होतं आणि तिथे त्याला हवी तशी हाक मारता येते.

आमचा तो सिनेमा कॉलेजातल्या नापासांचा होता. मागच्या बाकावरची चार मुलं, पहिल्या नंबरची एक मुलगी, आणि तिच्याशी बोलायला गेला की ततपप होणारा नायक. "ही तर आपलीच फिल्म आहे," सप्ली म्हणायचा, "हीरो थोडा गोरा घेतला, बस."

मी पुण्याची. वडिलांची बदली इथल्या संरक्षण कारखान्यात झाली आणि मी सेकंड इयरला जबलपूरच्या कॉलेजात येऊन पडले. हिंदी यथातथा, नाक मात्र वर. वर्गात मराठी घरातला हा एकटाच. त्याचे पूर्वज मराठ्यांच्या काळात इकडे चाकरीला आले ते इथलेच झाले, आणि त्यांची मराठीही इथलीच झाली. त्यानं माझ्याकडे अर्थशास्त्राच्या नोट्स मागितल्या, मी दिल्या. काही दिवसांनी विचारलं, अभ्यास होतोय ना? तो मान खाली घालून, अगदी गंभीरपणे म्हणाला, "चेष्टा करून राहिलो जी."

मी नोट्स परत घेतल्या. वर हेही सुनावलं की चेष्टा करायला दुसरं कोणीतरी शोधा. "काहून? चेष्टाबी नाही करायची का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा तर माझा पारा आणखीच चढला. पुढे कित्येक दिवस मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

गुंता सोडवला तो त्या सिनेमानं. मैत्रिणींनी मला ओढत नेलं होतं. त्यात परीक्षेला घाबरून पळणाऱ्या नायकाला हिंदीचे म्हातारे प्रोफेसर गाठतात, खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "चेष्टा तो करो, बेटा." हे याला थट्टा करायला का सांगतायत, असं मी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "पागल, चेष्टा मतलब कोशिश." माझे कान गरम झाले. तेवढ्यात प्रिन्सिपॉल दारात आले आणि मागच्या रांगेतून कोणीतरी एकटंच हसलं. वळून पाहिलं तर सप्ली. दुसऱ्या दिवशी नोट्स मी आपणहून त्याच्या बाकावर नेऊन ठेवल्या. तरी त्याची सप्ली चुकली नाहीच.

लग्नानंतर तो शब्द आमच्या घरात दोन्ही अर्थांनी नांदला. भाजी करपली की "चेष्टा तर केली होती" म्हणायचा, आणि मी विचारायची, भाजीची की माझी? सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत तो कारकून होता. खात्याची परीक्षाही अर्थातच दुसऱ्या खेपेला पास झाला. मी पहिल्या नंबरची, तेव्हा टोमणे मारायची. तो म्हणायचा, "पहिल्या नंबरवाल्याला एकटंच बसावं लागते. मागच्या बाकावर कंपनी राहते." इतकी वर्षं त्याच्यासोबत राहूनही मी त्याची बोली उचलली नाही, पुण्याची मराठी हट्टानं सांभाळली.

शेवटच्या आजारपणात मी रोज विचारायची, आज बरं वाटतंय ना? ओठ कोरडे पडलेले, तरी उत्तर तेच, "चेष्टा करून राहिलो." एकदा मी रडवेली होऊन चिडले, निदान आता तरी सरळ बोला म्हटलं. तो नुसता हसला. त्यानं कोणत्या अर्थानं म्हटलं होतं, ते विचारायचं राहून गेलं.

परवा मुलीचा हैदराबादहून फोन आला. तो सिनेमा पुन्हा लागलाय, इथे जबलपूरच्या मॉलमध्ये. तिनं परस्पर तिकीट काढून मोबाइलवर पाठवलंही. एकच तिकीट. सप्ली गेल्यापासून मी थिएटरची पायरी चढले नव्हते. प्रोफेसरांचं ते वाक्य मला एकटीनं ऐकवेल का, याचीच धास्ती होती. तरी गेले.

मोजकीच माणसं होती. प्रिन्सिपॉल दारातून आत आले, चालत आले, टेबलाला वळसा घालून आले, आणि थिएटर गप्प. मग खुर्ची मोडली आणि सगळे हसले, अगदी वेळेवर. त्या आधीच्या शांततेत सप्ली नसल्याचं मला पुरतं कळलं. मी पदर तोंडाला लावून रडले.

पुढे परीक्षा आली, नायक पळाला, कॉरिडॉरमधून प्रोफेसर येताना दिसले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या आधीच मला हसू फुटलं. वाक्य काही विनोदी नाही. त्याला हसणारी जगात दोनच माणसं होती. पुढच्या रांगेतली मुलगी वळून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

बाहेर आले तर मुलीचा फोन. तिला मराठी सगळी कळते, बोलते मात्र हिंदीत. सिनेमा कसा वाटला ते विचारलं, मग म्हणाली, "मम्मी, आप ठीक तो हो ना?"

मी म्हटलं, "चेष्टा करून राहिले, बेटा."