लाभ म्हणणारा आवाज

श्रावणातल्या सोमवारी माझा नवरा वारला. सकाळी तो खाचरात गेला. दुपारी त्याला घरी आणलं. भात शेतात होता.

तेरावं उरकल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला आणि धाकट्या दिराला ओसरीवर बोलावलं. वलवणच्या बाजूला तंबू लावून पाहुणे ठेवणारा एक जण आमच्या रानासाठी बरेच दिवस खेटे घालत होता. नवऱ्याने त्याला कायम चहा पाजून परत पाठवलं होतं. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदाचा भात गिऱ्हाइकांनी न्हेला तर रान ऱ्हाईल. पडत्या भावात गिरणीवाल्याच्या गळ्यात घालायची पाळी आली, तर तंबूवाल्याला देऊन टाकू. माज्यानं आता व्हत न्हाई."

गिऱ्हाइकं सगळी पेजवरची. नवरा इंद्रायणी तांदूळ मोबाइलवर व्हिडिओ टाकून विकायचा. त्यात त्याचा चेहरा कधीच नसे. हात दिसत, लोंब्या दिसत, आणि आवाज ऐकू येई. थोडा ओढून बोलण्याची त्याची सवय लोकांना आवडायची. मी लोणावळ्यात एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. पेजशी माझा संबंध शुद्धलेखन तपासण्यापुरता होता.

दीर नवलाख उंबरे गावाच्या बाजूला कंपनीत आहे. सुट्टीच्या दिवशी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून तो माझ्यापुढे बसला. त्याने पेज नीट चाळलं होतं. ढगांच्या आणि धबधब्याच्या व्हिडिओंना लोक भरभरून लाइक देत, पण तांदूळ त्यातला कुणी मागत नसे. ऑर्डरी यायच्या त्या राशीच्या व्हिडिओनंतर. झोडणी झाली, दाणे सुटले की खळ्यावर भाताची रास करायची, हळदकुंकू वाहायचं आणि पायलीने मोजायला लागायचं. पहिल्या पायलीला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, दुसरीपासून आकडे. नवऱ्याच्या तोंडचा तो 'लाभ' ऐकला की बायका लगेच लिहीत, दादा, आमचं नाव घाला.

म्हणून दिराने ठरवलं, यंदा ढग बंद. आधी कापणी, मग झोडणी, शेवटी रास, तीही मार्गशीर्षाच्या तोंडावर, कारण गुरुवारच्या नैवेद्याला लोक नवा तांदूळ नेतात. व्हिडिओ दुपारची जेवणं झाल्यावर टाकायचे. पुण्याच्या सोसायट्यांमधून गट करून मागवणाऱ्यांना आधी कळवायचं. मी मान हलवत होते. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"दादा गेला हे सांगायचं न्हाई, वहिनी."

मी का म्हणून विचारलं.

"नैवेद्याचा तांदूळ हाय. माणूस गेलेल्या घरातून कोण न्हेईल? आन् आवाज तर आमचा एकच."

ते खरं होतं. लग्नानंतरची कित्येक वर्षं फोनवर कोण बोलतंय ते मला ओळखू येत नसे. दीर त्याचा फायदा घेऊन "आज मटण कर" असं दरडावायचा आणि मागून नवरा हसलेला ऐकू यायचा.

मी नाही म्हटलं नाही. रान मलाही हवं होतं. दिराने कापणीचा व्हिडिओ केला, ओढून बोलला, आणि सुरुवातीला कुणालाच काही जाणवलं नाही. आलेल्या निरोपांना उत्तरं मी लिहू लागले. यंदा दाणा कसा आहे दादा? चांगला आहे. खोटं त्यात एका शब्दाचंही नव्हतं, तरी उत्तर पाठवलं की मी फोन पालथा ठेवायचे. शाळेत पुस्तकांवर शिक्के मारताना फोन वाजला की वाटायचं, कुणाला तरी कळलं. देहूरोडच्या एक बाई दरवर्षी तांदूळ न्यायच्या. त्यांनी लिहिलं, "दादा, आवाज जरा बसल्यासारखा वाटतो. तब्येत बरी आहे ना?" तो निरोप तसाच राहिला आणि दिवसातून अनेकदा मी तो उघडून बघू लागले.

राशीच्या दिवशी आबा खळ्याच्या कडेला बसले होते. सासूबाई घरात चुलीपाशी होत्या. दीर नवऱ्यासारखं बोलणार, हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. मी फोन धरला, फक्त हात आणि पायली दिसतील असा. दिराने पायली भरली, काठावरून तळवा फिरवला आणि घसा साफ केला.

"लाऽभ," तो म्हणाला.

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि खळ्याकडे बघत म्हणाल्या, "आलास व्हय रं? हातपाय धू आधी."

दिराच्या हातात भरलेली पायली तशीच होती. सासूबाईंनी त्याला पाहिलं, मग मला, मग माझ्या हातातला फोन. त्या खाली उंबऱ्यावर बसल्या. आबांनी मान फिरवली. दीर पायली राशीत ओतून गोठ्यामागे निघून गेला.

तो व्हिडिओ मी पुसला. तासाभराने आबा उठले, रास मोजायला बसले. मी परत फोन धरला. त्यांनी 'लाभ' म्हटलं ते ओठातल्या ओठात. फोनला ते ऐकू आलं नाही. फक्त दाणे पडण्याचा आवाज आला. दीर शेजारी येऊन पोती धरू लागला. मी त्याला म्हटलं, आता मी खरं काय ते लिहिणार आहे. तो म्हणाला, "लिवा. रान गेलं तर जाऊ द्या."

मी व्हिडिओखाली लिहिलं: हा भात लावणारा माणूस श्रावणात वारला. रास त्याच्या वडिलांनी मोजली. कापणीच्या व्हिडिओतला आवाज त्याच्या भावाचा होता. तांदूळ हवा असेल तर कळवा.

दोन दिवस पेज गप्प होतं. मग सोसायटीच्या एका गटाने यंदा नको म्हणून कळवलं. काही जुन्या गिऱ्हाइकांनी वाचलं आणि उत्तर दिलं नाही. कुणी रागावून लिहिलं, कुणी हात जोडल्याची खूण पाठवली. देहूरोडच्या बाईंनी विचारलं, सुतक फिटलंय ना? मी हो लिहिलं. त्यांनी नेहमीएवढा तांदूळ मागवला आणि शेजारणींची नावं दिली. मार्गशीर्ष संपेपर्यंत निम्म्याहून थोडा जास्त भात गेला. उरलेला गिरणीवाल्याने नेला.

जेवढा भात गिऱ्हाइकांनी नेला तेवढं रान ठेवायचं, असा आबांनी त्याचा अर्थ लावला. वरची खाचरं तंबूवाल्याकडे आहेत. खालची आमच्याकडे आहेत. पेजवर हात दिराचे असतात, मजकूर मी लिहिते, बोलत कुणी नाही.