घरचे अकरा

जिंकणाऱ्या टीमचे किस्से नसतात बघा. जिंकली, फोटो काढला, पेढे खाल्ले, विषय संपला. हरणाऱ्या टीमचं तसं न्हाई. प्रत्येक मॅचला एक किस्सा निघतो, अन् तो सांगून व्हायच्या आत टीम पुढची मॅच हरलेली असते. आमच्या बदनापूरच्या फुटबॉल टीमनं तर मला एवढा माल दिलाय, की सकाळी जालन्याला गोदामावर जायला गाडीत चढलो की लोक आधी सरकून जागा देतात अन् मंग विचारतात, "काल काय झालं?" हरलो का, हे कुणी विचारत न्हाई. ते धरूनच चालतात.

टीम नानांची. नानांचं खत-बियाणांचं दुकान. मन मोठं, मिशी त्याहून मोठी. ग्राउंड त्यांच्याच रानातलं. बूट, जर्सी, टेम्पोचं भाडं, सगळा खर्चा त्यांचा. मंग प्लेअर बी तेच निवडणार. अन् निवडायची पद्धत एकच, पोरगं भावकीतलं पाहिजे. "घरचं पोरगं जीव तोडून खेळतं," हे त्यांचं ठाम मत. आता खोटं कशाला बोलू, पोरं जीव तोडून खेळायची. बॉल तेवढा समोरचे घेऊन जायचे.

बघायला आम्ही ठरलेली मंडळी, ग्राउंडच्या बांधावर. एक मी. दुसरे शब्बीरभाई, यांचं वेल्डिंगचं दुकान. तरुणपणी हेच आमचे गोलकीपर होते, अन् दोन्ही गोलपोस्ट यांनीच वेल्डिंग करून उभे केलेत. तिसऱ्या मंदाकाकू. काकू शिलाईकाम करतात, टीमच्या जर्स्या त्याच शिवतात. तोंड असं की रेफ्री सुद्धा त्यांच्या बाजूची लाइन सोडून पळतो.

काकूंचं त्या ग्राउंडात खरं काम वेगळंच होतं. त्यांची पोरगी रूपाली पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. रोज पहाटे ती अन् तिच्या मैत्रिणी याच ग्राउंडात पळतात. दुसरी जागा म्हणजे हायवे. तिथं अंधारात ट्रकच्या कडेनं पोरींनी पळायचं का? अन् यंदा सीझन सुरू व्हायच्या आधीच नानांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. जालन्याचा एक टर्फवाला मागं लागलाय, त्याला जाळी मारून क्रिकेटसाठी जागा भाड्यानं पाहिजे. यंदा एक तरी मॅच जिंकली तर ग्राउंड राहील. न्हाई जिंकली तर दिवाळीनंतर त्याला देऊन टाकणार.

एक मॅच. फक्त एक. काकू म्हणाल्या, बघतेच कशी जिंकत न्हाईत ते.

*

पहिला किस्सा संतूचा. नाना एका लग्नाला गेल्ते. अक्षता पडायच्या टायमाला वावटळ आली. सगळं वऱ्हाड पळालं, पण एक गडी मांडवाचा खांब धरून उभाच. मांडव उडाला, पार शेजारच्या तुरीत जाऊन पडला, पण हा खांब धरून जागच्या जागी. नानांनी चौकशी केली तर गडी भावकीतलाच निघाला. नानांना आनंदानं जेवण गेलं न्हाई. तिथंच ठरवलं, आपल्याला डिफेन्सला माणूस भेटला.

पहिल्याच मॅचला आम्हाला कळलं की संतू खरंच हालत न्हाई. बॉल डावीकडून गेला, संतू उभा. उजवीकडून गेला, संतू उभा. एकदा तर पायातून गेला. गोल झाल्यावर आम्ही बांधावरून बोंब मारली, तर नाना आमच्यावरच चिडले. म्हणाले, "त्यानं जागा सोडली का? सांगा, सोडली का जागा?"

*

मंग आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'नाना, प्लेअर बदला'. काकूंनी पहिल्याच दिवशी लांबलचक मेसेज टाकला. कोण पळत न्हाई, कोणाला दम लागतो, कोण बॉल आला की डोळे मिटतो, सगळं नावानिशी. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो, कारण नाना बी ग्रुपमध्ये होते.

नानांनी अंगठा दाखवला, खाली गुलाबाचं फूल टाकलं अन् लिहिलं, 'शुभ सकाळ, परिवार'.

*

भावकीची टीम असली की काय होतं ते पावसाळ्यात कळलं. नानांचे एक चुलते वारले. पिकलं पान होतं, दुःख करण्यासारखं फार न्हाई, पण सुतक ते सुतक! अख्खी टीम सुतकात. गोलकीपरपासून राखीव प्लेअरपर्यंत एक बी मोकळा न्हाई. दोन मॅच न खेळताच गेल्या. जगात कुठल्या टीमचे प्लेअर जखमी होत असतील, कुणाला बंदी लागत असेल. आमची टीम चुलत्यानं बसवली.

दहाव्याला सगळ्यांनी केस दिले अन् दुसऱ्याच दिवशी मॅच होती. टेम्पोतून सगळे उतरले ते चकाचक डोक्यांनी. जर्सीवर मागं आडनाव, ते बी सगळ्यांचं एकच. नानांचा पुतण्या बंड्या आमचा फॉरवर्ड. हडकुळा, पायाला भिंगरी, पण आजवर गोलचं नाव न्हाई. संतूनं कुणाला तरी धक्का दिला अन् रेफ्रीनं बंड्याला पिवळं कार्ड दाखवलं. बंड्या म्हणला मी न्हाई. रेफ्रीनं वळून बघितलं तर जिकडं तिकडं बंड्याच.

हाफ टाइमला समोरची टीम उठून आमच्याकडं आली. आम्हाला वाटलं भांडण होतं आता. तर ती पोरं गपचूप आमच्या पोरांजवळ येऊन बसली, माना खाली घातल्या. त्यांच्या कॅप्टननं नानांना विचारलं, "आजारी होते का?" नाना म्हणाले, न्हाई, झोपेतच गेले. चांगलं मरण आलं म्हणायचं. रेफ्री बी टोपी काढून उभा राह्यला. दुसरा हाफ उशिरा सुरू झाला.

एवढं सगळं भेटून-सांत्वन करून त्यांनी आम्हाला चार गोल मारले.

*

त्या दिवशी काकू रागाच्या भरात नानांना बोलून गेल्या, की निदान सोयऱ्यातले तरी घ्या, त्यांना तुमच्या भावकीचं सुतक लागत न्हाई! काकू चिडून बोलल्या, नानांना ते पटलं. पुढच्या मॅचला नानांनी थेट जावईच उतरवले. तीर्थपुरीचे. सेंटर फॉरवर्ड.

आता टीममध्ये सगळे मेहुणे. दाजींना ओरडणार कोण? बॉल असा द्यायचे जसं पानाचं तबक पुढं करावं. "घ्या दाजी." दाजी घ्यायचे, थांबायचे, शर्ट नीट करायचे, तोवर बॉल गेलेला असायचा. त्यांना पळवणं शक्य न्हाई, बाहेर काढणं तर त्याहून न्हाई. जावयाला सगळ्या गावासमोर ऊठ म्हणायचं? पोरगी दिलीय तिथं.

आम्ही बांधावर हात चोळत बसलेलो. तेव्हा शब्बीरभाईंना अक्कल सुचली. हाफ टाइमला त्यांनी माइक घेतला अन् जाहीर केलं, की आज जावईबापू तीर्थपुरीहून आवर्जून आलेत, तर त्यांचा सत्कार ठेवलाय. शाल आणली, नारळ आणला, फेटा बांधला. नानांचे डोळे भरून आले. सत्कार झाल्यावर शब्बीरभाईंनी दाजींना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. फेटा बांधलेला माणूस पळतोय कशाला? बसले बिचारे.

दुसरा हाफ आम्ही दहा जणांनी खेळलो अन् तेवढ्यात एक बी गोल खाल्ला न्हाई. मॅच हरलोच, पहिल्या हाफचे गोल होतेच ना. पण दाजी इतके खुश, की पुढच्या मॅचला येतानाच त्यांनी विचारलं, "सत्कार किती वाजता हाय?"

*

असं करत करत एकच मॅच उरली. राजूरसोबत.

काकू नानांच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं, तिथंच उभ्या राह्यल्या. मी मागं होतो, मला वाटलं हळू बोलतील. कसलं काय.

"नाना, सोयरीक जमवायची असती तर भावकी बघितली असती. आपल्याला टीम जमवायचीय."

नानांना लागलं ते. त्यांनी हातातलं बिल बुक ठेवलं. म्हणाले, आजवर मी कुणाकडं एक रुपया मागितला न्हाई, अन् बोलणी मीच खायची. "एवढं कळतं तर शेवटची टीम तुम्ही करा, मंदाताई."

"करते," काकू म्हणाल्या अन् दुकानातून उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू ग्राउंडात. भरतीची तयारी करणारी पोरं बी तिथं पळत होती, त्यातली पाच-सहा उचलली. शब्बीरभाईंचे दोन पुतणे घेतले. कृषी संशोधन केंद्रावर कामाला असलेला एक लांबच्या गावचा पोरगा घेतला, रेल्वेच्या पटरीवर काम करणारा एक गडी घेतला. गोलकीपर भेटेना तर शब्बीरभाईंना म्हणाल्या, तुम्हीच उभे राहा. ते म्हणाले गुडघे गेलेत, काकू म्हणाल्या हात हायेत ना बराबर.

रोज पहाटे प्रॅक्टिस. उशिरा आला की घरी. जर्सी शिवायच्या वेळी एकानं विचारलं, "काकू, मागं माझं आडनाव टाकणार ना?"

"गोल मार, मंग विचारते आडनाव," काकू म्हणाल्या.

*

आता शेवटचं ऐका.

राजूरची मॅच आधी पावसानं पुढं ढकलली अन् नवी तारीख पडली मंगळवारी. कॅलेंडर कुणी बघितलं न्हाई. त्या दिवशी होती अंगारकी! राजूरच्या गणपतीला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. अन् त्यांच्या टीममध्ये कुणाचं नारळाचं दुकान, कुणाचं पेढ्याचं, कुणाचं हाराचं. बापानं सोडलं तर येणार ना! जीपमधून सहा जण उतरले. कपाळाला गुलाल, हाताला पेढ्याचा वास.

रेफ्रीनं सांगून टाकलं, सातपेक्षा कमी असतील तर मॅच होत न्हाई. बदनापूर जिंकलं.

आम्ही बांधावरून उड्याच मारल्या. पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. रूपालीनं मैत्रिणींना फोन लावला. टर्फवाला आधीच येऊन गेटजवळ मापाचा टेप घेऊन बसला होता, तो तोंड पाडून उठला. नाना खुर्चीत बसून होते. शब्दाचा माणूस, म्हणाले, ग्राउंड राह्यलं तुमचं. अन् मंग हळूच म्हणाले, "फुकटात मिळालं म्हणा."

काकू थांबल्या. मी म्हणलं, काकू, ऐकू आलं न्हाई असं समजा अन् घरी चला. शब्बीरभाई बी म्हणाले, जाऊ द्या. काकूंनी रूपालीकडं बघितलं. पोरीचा चेहरा उतरला, आईला ओळखते ती. पण तिनं फोन खिशात ठेवला अन् मान हलवली.

"वर्षभर रडलो की धड प्लेअर न्हाईत," काकू म्हणाल्या. "आज धड प्लेअर हायेत, तर न खेळता घरी जाऊ?"

त्या सरळ राजूरच्या कॅप्टनकडं गेल्या, किती माणसं कमी पडतेत विचारलं. नानांची भावकी आपल्याला घेतलं न्हाई म्हणून लिंबाखाली रुसून बसली होती, पण बूट घालून. काकूंनी तिकडं हात केला. "हे घ्या पाच. आमचेच हायेत, संकोच करू नका."

रेफ्रीनं डोकं खाजवलं. दोन्ही कॅप्टन तयार, मंग तो तरी काय करणार. म्हणाला, खेळा, पण मंग आधीचा निकाल रद्द.

अन् काय खेळलो हो आम्ही त्या दिवशी! खोटं वाटेल, पण बॉल आमच्या पायात राहत होता. पोरं पळून थकत नव्हती. पटरीवाल्यानं एक बॉल असा हाणला की शब्बीरभाईंनी वेल्ड केलेला पोस्ट घणघणला, पण आत गेला न्हाई. समोर संतू उभा होता, अन् आयुष्यात पहिल्यांदा दोन बॉल त्याला लागून परत आले. मी नखं कुरतडत बसलो होतो. वेळ संपत आली, गोल कुणाचाच न्हाई.

तेवढ्यात बॉल सुटला अन् बंड्याच्या पायात गेला. समोर नुसते शब्बीरभाई. आम्ही निवांत होतो. बंड्या हाय, काय होतंय.

बंड्यानं मारला. शब्बीरभाईंनी झेप घेतली, बोटं लागली, पण बॉल जाळीत. मॅच संपल्याची शिट्टी वाजली.

शब्बीरभाई पडल्या जागेवरून उठेनात. काकू बांधावर बसल्या अन् पदरानं तोंड पुसलं. रूपाली त्यांच्याजवळ जाऊन बसली. मला तर रडूच यायला लागलं. हातात आलेलं ग्राउंड होतं हो. टर्फवाला टेप सोडवत आत आला.

अन् नाना पळत सुटले. या वयात, चप्पल मागं टाकून. आम्हाला वाटलं बंड्याला हाणतात आता. तर त्यांनी बंड्याला कवेत घेतलं, उचललं, सगळ्या ग्राउंडला दाखवलं.

"गोल मारला! आपल्या बंड्यानं गोल मारला!"

टर्फवाल्यानं विचारलं, "नाना, मंग मापं घेऊ ना?"

"कशाची मापं?" नाना म्हणाले. "आपण जिंकलो न्हाई का?"

टर्फवाल्यानं रेफ्रीकडं बघितलं. रेफ्रीनं आमच्याकडं बघितलं. राजूरची पोरं जीपमध्ये बसायच्या गडबडीत होती, त्यांना गिऱ्हाईक सांभाळायचं होतं. गोलपोस्टखालून पडल्या पडल्या शब्बीरभाईंचा आवाज आला, "बिलकुल जिंकलो, नाना."

काकू उठल्या. पदर खोचला, ग्राउंड ओलांडून नानांसमोर जाऊन उभ्या राह्यल्या. म्हणाल्या, "नाना, पुढच्या साली बी बंड्याला तिकडंच ठेवा."