खांड गेली

हैबतराव मूळचे घाटावरच्या खांब गावचे. आमच्या पेणच्या खाडीकाठच्या गावात कॉलेज निघालं तेव्हा प्रिन्सिपल म्हणून आले. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी कीर्तन, म्हणून आम्ही त्यांना प्रिन्सिपलबुवा म्हणायचो. पोरगी वर्गात दिसली नाय की थेट मिठागरावर जाऊन बापाला झापायचे. माझ्या बापालाही झापलंय. मी शिकले ती त्यांच्यामुळंच, आणि हे नाय म्हणेल त्याचं तोंड बघायचं नाय मला.

त्या साली नारळी पौर्णिमेला सप्ताह संपत होता. भर दुपारी बुवांचं काल्याचं कीर्तन रंगलेलं, अख्खं गाव देवळात. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर राखणीला दोघंच, रघू आणि काळुराम. उधाण आलं आणि बांध फुटला. आमच्यात याला 'खांड गेली' म्हणतात. रघू पेंढा-माती घेऊन खांडीत उतरला आणि काळुरामला त्यानं देवळाकडं पिटाळलं.

चालू कीर्तन थांबवायचं तर बुवांनीच, अशी रीत. काळुराम वाकून त्यांच्या कानात म्हणाला, "बुवा, खांड गेली."

"असू दे, आणवतो. तू बस."

आणि तो बावळट बसला की हो! बुवा माणसं आणवतायत असं वाटलं त्याला.

कीर्तन संपल्यावर बुवांनी आचाऱ्याला विचारलं, "खांड आली का? शिऱ्याला कमी पडली ना?"

"साखर? पोतं भरलेलं हाय की," आचारी म्हणाला.

काळुराम किंचाळतच उठला. अगो बाय, काय धावलो आम्ही! शेतात छातीएवढं खारं पाणी. रघू ओहोटीला सापडला, पेंढ्याचा भारा कवटाळलेला तसाच.

बुवांनी फेटा काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्याकडं खांड म्हणजे साखर. मला साखरच वाटली." दुसरा कोणी असता तर काळुरामवर ढकलून मोकळा झाला असता. रघूची बायको धोंडुबाई पुढं आली. म्हणाली, "मंग शिरा गोड झाला का, बुवा?"

त्यानंतर बुवा कीर्तनाला उभे राहिले नाय. साखर तोंडात घातली नाय. लोक म्हणाले, खांबला जा, सुटाल. नाय गेले. धोंडुबाईनं एकदा बोलावं, शिव्या तरी द्याव्या, एवढीच आस त्यांना. ती समोरून यायची आणि पदर ओढून बाजूनं निघून जायची. रिटायर झाले तरी भाड्याच्या खोलीत पडून राहिले. हट्टी मेला! बघून जीव तुटायचा माझा.

शेवटच्या दुखण्यात मीच तिच्याकडं गेले. म्हटलं, "चल गो, त्यांचा जीव अडकलाय." दार लावील असं वाटलं होतं. पण आली. खाटेजवळ बिनसाखरेचा चहा होता. तिनं शेजारून साखर मागून आणली, चहात ढवळली आणि कप त्यांच्या ओठांना लावला.

"ह्याला साखर म्हणतात, बुवा," ती म्हणाली. "खांड माझी गेली."

बुवा रडत रडत सगळा कप प्यायले. ती रिकामा कप घेऊन मोरीत गेली आणि तिथंच खाली बसली.