कच्चा टाका

हिजाब घालून देशाच्या संघात तलवारबाजी खेळणारी पहिली मुलगी म्हणून आज तिचे फोटो छापून येतात. तिच्या शिवणकाम करणाऱ्या अम्मीला विचाराल, तर ती जिवाचं पाणी पाणी झालेला एकच सामना सांगेल.

मुलीने हा खेळ निवडला तेव्हा अम्मीचा जीव भांड्यात पडला होता. नखशिखांत झाकलेला खेळ, वर जाळीचा मुखवटा. बोट ठेवायला कुणाला जागाच नाही. पण लोक जागा शोधतातच. "तलवार कशाला? सासूशी लढायला?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. अम्मी हसली, पण ते बोलणं तिच्या मनातून गेलं नाही. प्रत्येक सामन्याला ती जायची आणि डोळे मिटून बसायची.

तो सामना संघनिवडीचा होता. संयोजकांनी स्कार्फला नाइलाजाने परवानगी दिली होती. अट एकच, त्याचं टोक जॅकेटवर येता कामा नये. जॅकेट धातूच्या तारांचं. त्याला पातं लागलं की मारणारीचा दिवा लागतो. मध्ये कापड आलं की वार वाया. त्या सकाळी अम्मीने स्कार्फ बेतून कच्चा टाका घातला. मशीन मारायची राहिली, कारण बस सुटत होती.

शेवटचा गुण उरला होता. अम्मीने एक डोळा किलकिला केला, तर काय, खांद्यावर पांढरं टोक लोंबत होतं. प्रतिस्पर्धी मुलीचं पातं नेमकं तिथे बसलं. तिचा दिवा लागलाच नाही. पाठोपाठ अम्मीच्या मुलीचं पातं बसलं आणि दिवा लागला तो हिचाच.

टाळ्या पडल्या. मुलीने मुखवटा काढून हात वर केला. "तिचा वार आधी बसला. माझ्या कापडावर."

अम्मीला वाटलं, संपलं सगळं. पंचांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. "गुण रद्द. हे आत्ता नीट करा. पुन्हा सुटलं तर स्कार्फ बंद."

अम्मी खाली धावली. घाईत दोरा सुईत जाईना. मुलीनेच तो ओवून दिला.

"माझ्यामुळे झालं गं."

"पक्का घाल, अम्मी. पुढेही लागणार आहे."

या वेळी अम्मीने डोळे मिटले नाहीत. पातं मुलीच्या खांद्यावर, त्याच जागी बसलं. समोरचीचा दिवा लागला. त्या वर्षीची संघातली जागा गेली.

मुलगी घामाघूम होऊन आली. "तिचा दिवा लागला ना, अम्मी?"

"लागला."

"मग टाका टिकला. स्कार्फ राहिला," ती म्हणाली, आणि मगच रडली.