आमच्या फाट्याचा स्टँड

उन्हात तापलेल्या पत्र्यावरच्या ओल्या रंगाचा वास आला की आजही माझ्या तोंडाला कडवट चव येते. लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी दिवसांतला तो वास! विहिरी आटल्या होत्या, गुरांच्या बरगड्या वर आल्या होत्या, आणि आमच्या गावाला मात्र पाण्याहूनही प्रतिष्ठेची तहान लागली होती. जिल्हा जवळ आला म्हणजे आपणही मोठे झालो, हा भ्रम किती गोड असतो म्हणून सांगू!

मुखेडहून लातूरला जाणारी एसटी आमच्या फाट्यावरून जायची. लिंबाखाली उभं राहायचं, धूळ दिसली की हात दाखवायचा. पुढे ड्रायव्हरची मर्जी. तिथे पत्र्याची रंगवलेली पाटी लावायचं ठरलं आणि अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, किराणा दुकानापुढे वाद पेटला. शब्द इंग्रजीच हवा, यावर एकमत होतं. 'थांबा' म्हणे गावठी! कुणी 'स्टॉप' सुचवलं, कुणाला 'स्टेशन' भारदस्त वाटलं, पण रूळच नाहीत तिथे स्टेशन कसलं? डेपो म्हणावा तर गाड्या मुक्कामाला हव्यात. शेवटी अप्पांनी निकाल दिला, "स्टॉप लई हलकं वाटतंय. स्टँड लिव्हा. माझी लेक स्टँडवरून लातूरला जाईल."

लेक म्हणजे माझी थोरली बहीण, शकूताई. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिला लातूरला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. शिकायला गावाबाहेर पडणारी ती पहिलीच मुलगी. ही संधी हुकली तर त्याच उन्हाळ्यात तिला उजवून टाकायचं, हेही घरात ठरलेलं होतं.

त्या सकाळी ताई धुवट पातळ नेसून नव्या पाटीखाली उभी राहिली. लांबून धूळ उठली. तिचा हात सवयीने वर गेला, तो अप्पांनी धरून खाली केला. "आता हे स्टँड हाय. उदगीरच्या स्टँडवर कुणी हात दाखवतंय का? गाडी आपोआप थांबती." आणि आम्ही सारे हात खाली सोडून, ताठ मानेने, त्या अननुभूत सन्मानाची वाट पाहत राहिलो. गाडी आली आणि धुळीचा लोट अंगावर टाकून निघून गेली. ताई मागे धावली. तिची एक चप्पल रस्त्यातच राहिली. पुढची गाडी दुपारची होती आणि मुलाखत सकाळची.

मला ड्रायव्हरचा राग आला नाही. कुणी हातच दाखवला नाही, तर तो कशाला थांबेल? राग आला तो आमच्या ताठ मानांचा. जन्मभर हात दाखवून जगलेल्या माणसांना एका पाटीने एवढं कसं फसवावं? ताई रडली नाही. घागर उचलून टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि तिचं ते न रडणं मला अजून सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा एकटेच फाट्यावर गेले. मी मागोमाग गेलो. गाडी दिसताच ते भर रस्त्यात दोन्ही हात वर करून उभे राहिले. करकचून ब्रेक लागला.

"कुठं जायचंय, मालक?" कंडक्टरने दारातून विचारलं.

अप्पांचे हात अजून वरच होते.

"मला न्हाई," ते म्हणाले. "काल पोरीला जायचं हुतं."