ताईच्या आंघोळीचा पहिला नंबर

मी ज्या बाईला वाकून नमस्कार केला ती माझी ताई नव्हती. चूक लक्षात यायच्या आत तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून "जुग जुग जियो भैया" म्हणून टाकलं होतं आणि लाडवांचा डबाही ताब्यात घेतला होता. माझी बाजू मांडायची तर, त्या ओसरीवर बसलेल्या सगळ्यांचेच केस कानाच्या वर कापलेले आणि सगळ्यांच्या अंगात एकाच कापडाचे गाऊन. पण सख्खी बहीण ओळखू आली नाही, यात मांडण्यासारखी बाजू ती काय असणार! ताई पलीकडच्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. एरवी माझी फजिती झाली की सगळ्यात आधी हसायची ती. त्या दिवशी हसली नाही.

आई गेल्यापासून ताई आमच्याकडेच होती. तिला आवाज ऐकू येतात. गोळ्या नीट चालू असल्या की ते आवाज शेजारघरचा रेडिओ लागल्यासारखे लांब राहतात, नाहीतर ती उठून त्यांच्यामागे चालू लागते. एकदा झाशीच्या मानिक चौकातल्या माझ्या घड्याळांच्या दुकानासमोरूनच चालत गेली आणि मी गिऱ्हाइकाला पट्टा दाखवत बसलो होतो. इतकी वर्षं तिचं सगळं बायकोनं केलं. शेवटी बायकोची कंबर गेली, तेव्हा डॉक्टरांनी सुचवलं की बबीना रोडवर महिलांचं पुनर्वसन केंद्र आहे, काही महिने ठेवा, आपलं आपण करायला शिकतील. माहितीपत्रकात शिवणकाम होतं, बागकाम होतं. शिलाई मशीन तिथे खरंच होतं. त्यावर खोळ होती आणि खोळीवर औषधांची खोकी रचलेली होती.

नमस्काराच्या त्या रविवारी तिथल्या इन्चार्ज मॅडमनी मला आणि बायकोला ऑफिसात बोलावलं. ताई नाश्ता घेत नाही, दुपारचं ताट तसंच परत करते, रात्री कधीतरी अर्धी रोटी खाते. गोळ्या उपाशीपोटी जातात आणि चक्कर येते. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, नाहीतर मोठ्या इस्पितळात बंद वॉर्डात हलवावं लागेल. आजार वाढतोय, असं त्यांचं म्हणणं.

बायकोनं ताईला आमच्या भाषेत विचारलं. ताई म्हणाली, "पारोशी कशी खाऊ?"

आमच्या घरात आंघोळ केल्याशिवाय चहाचा घोटही घेत नाहीत. झाशीत इतक्या पिढ्या काढल्या, बोलण्यात निम्मी हिंदी शिरली, माझी मुलं आजीला मराठीत उत्तर देताना अडखळायची, पण हे काही सुटलं नाही. आणि केंद्रात आंघोळ एक दिवसाआड, तीही दुपारच्या जेवणानंतर. म्हणजे हा आजार नव्हताच, हे आमचं घर होतं.

मग मी मैदानात उतरलो. आयुष्यभर दुकान चालवलेल्या माणसाला वाटतं, गोड बोललं की जगात काहीही मिळतं. मॅडम वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. आया दोनच, पाण्याची मोटर जुनी. "भाईसाहब, एक के लिए टाइम बदलूँ तो सबके लिए बदलना पड़ेगा," त्या म्हणाल्या. तर मग सगळ्यांचाच बदला, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण गिऱ्हाइकानं दुसऱ्यांच्या मालाचा भाव कशाला विचारायचा? मी हात जोडून म्हणालो, बस हमारी दीदी का देख लीजिए. त्यांनी थोडा विचार केला आणि ताईचा नंबर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी लावायचं कबूल केलं.

गुरसरायला सासऱ्यांना फोन करून मी हा किस्सा सांगितला, मग धाकट्या भावाला सांगितला. प्रत्येक वेळी मॅडम जरा जास्त कडक होत गेल्या आणि मी जरा जास्त हुशार.

पुढच्या रविवारी गेलो तर मॅडम स्वतः बाहेर आल्या. "अब नाश्ता करती हैं आपकी दीदी." नळीचं नाव नाही, इस्पितळाचं नाव नाही. मी बायकोकडे असं बघितलं की तिनं मान दुसरीकडे वळवली. त्या दिवशी ताई ओसरीवर नव्हती. अंगात कणकण आहे म्हणून आत झोपवली होती. पुरुषांना आत सोडत नाहीत, त्यामुळे बायको एकटी गेली आणि मी फाटकाशी पहारेकऱ्याला त्याच्या मनगटावरच्या घड्याळाबद्दल सल्ला देत बसलो.

बायको बऱ्याच वेळानं आली. फाटकातून बाहेर पडल्यावर तिनं तुकड्या तुकड्यानं सांगितलं.

पहिला नंबर म्हणजे रात्रपाळीची आया घरी जायच्या आधीचा, उजाडायच्या आतला. मागच्या अंगणात एक फरशी आहे. आडोशाला पूर्वी चादर असायची, पण कुणी त्या चादरीनं गळफास लावून घेईल म्हणून ती काढली. दार नाहीच. पुसाच्या, म्हणजे पौषातल्या, धुक्यात टाकीच्या पाण्याचा रबरी पाइप अंगावर सोडायचा. गीझर आहे, पण तो स्टाफच्या बाथरूममध्ये. मग सगळ्यांच्या ढिगातला हाताला येईल तो गाऊन, बहुतेक ओलसर. चहा यायला त्यानंतर पुष्कळ वेळ असतो, तोवर भिंतीशी बसून राहायचं. बायकोनं आयाला विचारलं, तर ती उर्मटपणे बोलली नाही. म्हणाली, दीदी, हम दो जनी हैं, किस-किस को गरम पानी दें.

ताईच्या हातापायांची बोटं सुजून लाल झाली होती. बायकोनं तिला विचारलं, एवढं गार पाणी, तुम्ही नको का म्हणत नाही?

"'तुझ्या भाईनं सांगितलंय', असं त्या आया मला म्हणतात," ताई म्हणाली. "म्हणून उभी राहते."

स्कूटरवरून घरी आल्यावर माझं तोंड सुटलं. मॅडमना पुन्हा भेटतो. एक बादली गरम पाणी, फार नाही मागत. आयाच्या हातावर काही ठेवावं का? नाहीतर वरच्या लोकांना लेखी कळवू. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून माझं सगळं ऐकून घेत होती. मी थांबलो तेव्हा ती वळली.

"आता तिथं काही मागू नका तुम्ही," ती म्हणाली. "उद्या दुकान उघडू नका. वन्संना घेऊन येऊ. मला सगळं जमेल असं मी म्हणत नाहीये, मागच्या वेळी जमलं नव्हतंच. आंघोळ घालणं तेवढं जमेल."